आंबट ताक

त्या वर्षी ऐन आवणीत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, रामनाथचा हरण्या बैल मेला. तो कशानं मेला हे वाडीत सगळ्यांच्या आधी रामनाथच्या पोरीला, इंद्रायणीला म्हणजे इंदूला, ठाऊक होतं. पण ती चौथीतली पोर. बैल कशानं मेला हे चौथीतल्या पोरीला विचारायला कुणी जात नाही.

घाटघरच्या अलीकडं, रस्ता सोडून खाली उतरलं की ही वाडी लागते. पावसाळ्यात ढग उंबऱ्यापर्यंत येतो आणि घरातली प्रत्येक वस्तू ओली होते, मीठसुद्धा. छपराखाली कोरडी जागा थोडी, आणि त्या थोड्या जागेवर सरपण, कोंबड्या, दाणागोटा आणि माणसं सगळ्यांचाच हक्क. रामनाथनं भाताला घालायच्या युरियाच्या गोळ्यांचं पोतं जुन्नरहून आणलं, गोठ्याच्या दारात टाकलं आणि बायकोला म्हणाला, "माळ्यावर चढव ते." एवढं बोलून तो खाचराचं पाणी बघायला गेला.

वैजयंती सकाळपासून दुसऱ्यांच्या खाचरात वाकून आली होती. कंबर सरळ होत नव्हती. पोतं तिनं ओढत ओढत गोठ्यातल्या दगडी ओट्यावर नेऊन ठेवलं आणि सकाळी धनी आणि मी मिळून चढवू, असं मनाशी म्हणून ती चुलीपुढं बसली. यात तिचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. पोतं जड होतं आणि बाई थकली होती.

सकाळी इंदू शेण भरायला गोठ्यात गेली. हरण्यानं दावं ताणून मान ओट्यावर टाकली होती आणि तो काहीतरी कडाकडा चावत होता. पोत्याची ओली शिवण उसवली होती आणि पांढऱ्या गोळ्या ओट्यावर सांडल्या होत्या. इंदूला आधी मजाच वाटली, बैल पेपरमिट खातोय अशी. मग ती आईला बोलवायला धावली.

वैजयंतीनं येऊन बैलाची मान मागं ढकलली, पोत्याचं तोंड आवळून ते वैरणीआड सारलं आणि हातानं गोळ्या गोळा करत विचारलं, "किती येळ खात व्हता?"

"मी आले तवा खातच व्हता."

वैजयंतीनं बैलाकडं बघितलं. बैल रवंथ करत उभा होता. "काय न्हाई व्हत त्याला," ती म्हणाली. "थोडंसंच खाल्लंय. बाबाला बोलू नको."

आई म्हणाली काही होत नाही, म्हणजे काही होत नाही. इंदूनं शेणाची पाटी उचलली आणि ती विसरूनही गेली.

रामनाथनं औत जुंपलं. खाचरात गुडघाभर चिखल, वरून रिपरिप. शेजारच्या खाचरात झुंबरबाई आपल्या दाढीतलं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं, रोप उपटून जुड्या बांधत होती. झुंबरबाई म्हणजे रामनाथची लांबची चुलती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन खाली निमगाव सावाला दिलेली. एक गाय, एक खाचर आणि ती. डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद मागं सारून ती म्हणाली, "रामनाथ, जोडी लई नामी धरली रं औंदा. कशी चालतीया बघ."

रामनाथ हसला. बैलाचं कौतुक केलेलं कुणाला आवडत नाही. पुढं हेच वाक्य वाडीनं इतक्यांदा उगाळलं की ते झुंबरबाईनं कुठल्या आवाजात म्हटलं होतं हे कुणालाच आठवेना.

दुसऱ्या तासाला हरण्याचे पुढचे पाय थरथरायला लागले. रामनाथनं आधी चाबूक ओढला, मग थांबला. बैलाच्या तोंडातून फेस लोंबत होता आणि डावी कूस फुगून वर आली होती. दोन पावलं आडवी टाकून तो चिखलात बसला आणि मान पसरली. जोडीचा मोरक्या बैल जू मानेवर घेऊन वाकडा उभा राहिला, तेव्हा रामनाथनं आधी त्याला सोडवलं. आजूबाजूच्या खाचरांतली माणसं कामं टाकून आली. वैजयंती भाकरी घेऊन यायला निघालीच होती, तिनं लांबूनच बघितलं आणि टोपली बांधावर ठेवली.

फोनला रेंज फक्त टेकाडावर. रामनाथ चिखलाच्या पायांनी वर धावला, मागं वैजयंती, मागं इंदू. जुन्नरच्या डॉक्टरांनी फोन उचलला. रामनाथनं आवाज मोठा केला होता म्हणून सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"रस्त्यावर दरड आलीय, मला पोचायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लंय का त्यानं? युरिया, खताच्या गोळ्या? तसं असलं तर आंबट ताक नाहीतर व्हिनेगर गार पाण्यातून भरपूर पाजा, लगेच. नसलं तर नका पाजू, मग दुसरा उपाय करू."

रामनाथनं बायकोकडं बघितलं. "पोतं माळ्यावर हाय नव्हं?"

इंदूनं आईकडं बघितलं. आईचा हात तिच्या खांद्यावर होता आणि बोटं आत रुतत होती.

"हाय की," वैजयंती म्हणाली.

"न्हाई डॉक्टर, खताबिताचं काय न्हाई," रामनाथ फोनमध्ये म्हणाला.

तिला घाबरट म्हणायचं तर खुशाल म्हणा. मागच्या पावसात दुधाचं पातेलं लवंडलं म्हणून रामनाथनं तिला दोन्ही पोरांसकट माहेरी धाडलं होतं आणि दिवाळीपर्यंत आणायला गेला नव्हता. हा तर बैल होता, आणि तो घेण्यासाठी रामनाथनं नारायणगावच्या टमाट्याच्या मळ्यात दोन उन्हाळे पाठ सोलून घेतली होती.

रामनाथ बैलाकडं परतला. वैजयंती मात्र वळणावरून झुंबरबाईच्या घराकडं धावत सुटली, आणि इंदू तिच्या मागं. झुंबरबाई पाय धुवायला म्हणून दारात आली होती.

"आत्या, ताक हाय का? आंबट. असंल तेवढं द्या."

"हाय परवाचं. कशापाई गं?"

वैजयंतीला रडू फुटलं. "हरण्यानं गोळ्या खाल्ल्या वो. माझ्याकडनं पोतं खालीच ऱ्हायलं. कुणाला बोलू नका, आत्या. तुमच्या पाया पडते. घरात ठेवायचं न्हाईत मला."

झुंबरबाईनं ताकाची चरवी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "पळ आधी. मी कशाला बोलू?"

खाचरात वैजयंतीनं बांबूच्या नळकांड्यानं बैलाच्या घशात ताक ओतायला घेतलं. रामनाथ म्हणाला, "ताक कशाला? डॉक्टर नको म्हनला."

"पोटात गार पडंल," ती म्हणाली.

"कुठनं आणलं?"

"झुंबरआत्याकडनं."

चार लोकांनी ते ऐकलं. अर्धं ताक आत गेलं, अर्धं फेसासारखं बाहेर आलं. हरण्यानं एकदा चारी पाय ताणले, जीभ चिखलात लोळली आणि डोळे उघडे ठेवूनच तो गेला. वैजयंतीच्या हातात रिकामी चरवी तशीच राहिली.

मोहित, इंदूचा धाकटा भाऊ, बैलाच्या शेपटीशी उभा होता. तो म्हणाला, "उठव ना त्याला, बाबा." रामनाथ चिखलात बसून मोठ्यानं रडला. त्याला तसं रडताना पोरांनी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याची कीव येत होती.

बैल ओढून पुरायला दुपार गेली. दिवस बुडायच्या आत भिका भगत आला. त्याला कुणी बोलावलं हे कुणी सांगत नाही. असल्या वेळी तो येतोच. ओटीवर बसून त्यानं सुपात तांदूळ घेतले, चिमटीनं दाणे टाकले, मोजले, परत टाकले. बाया भिंतीला टेकून, पुरुष उकिडवे. इंदू आणि मोहित दाराआड होते. इंदूला वाटत होतं, आता हा सांगणार. दाण्यांत सगळं दिसतं म्हणतात, तर दाण्यांत पोतंही दिसेल, ओटा दिसेल, ती स्वतः शेणाची पाटी घेऊन उभी दिसेल.

भिका म्हणाला, "बाधा हाय. लांबची न्हाई. बांधाला बांध लागून हाय."

एवढंच. भिका नाव कधी घेत नाही. नाव घेतलं तर हल्ली पोलीस येतात, हे त्यालाही कळतं. आणि नाव घ्यायची त्याला गरजही पडत नाही.

"जोडी नामी धरली म्हनली व्हती सकाळी," कुणीतरी म्हणालं.

"अन् मग ताक दिलं."

"ताक पोटात जायला अन् जनावर आडवं व्हायला गाठ पडली."

"नवरा बी असाच गेला तिचा. धडधाकट मानूस."

इंदूनं आईकडं बघितलं. आई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि नखांतला चिखल काढत होती. आता बोलेल, इंदूला वाटलं. आता म्हणेल की ताक मी मागायला गेले होते. आईनं एका नखातला चिखल काढला आणि दुसरं नख धरलं.

त्या रात्री पोरांना जवळ घेऊन निजताना आईच्या छातीचे ठोके इंदूला पाठीवर लागत होते. ती हळूच म्हणाली, "आये, हरण्या गोळ्यांनी मेला ना?"

वैजयंतीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला अजून ताकाचा वास होता.

वाडीतली आवणी सावडीनं होते. आज एका घरची पाळी, सगळे तिथं जातात. उद्या दुसऱ्या घरची. ज्याची पाळी त्यानं सगळ्यांना दुपारचं जेवू घालायचं. झुंबरबाईची पाळी सगळ्यांच्या शेवटी असायची, कारण तिचं एकच खाचर. तोवर ती सगळ्यांच्या चिखलात राबून झालेली असायची.

हरण्या गेल्यावर रामनाथची चिखलणी दुसऱ्यांच्या बैलांनी झाली आणि आवणी ठरल्याप्रमाणं लागली. झुंबरबाई नेहमीसारखी आली, ओचा खोचला आणि बायांच्या ओळीत उभी राहिली. ओळीत बाया खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. तिच्या एका बाजूची बाई सरकली, मग दुसऱ्या बाजूची. लावत लावत मागं सरकताना तिच्या दोन्ही अंगांना हातभर चिखल मोकळा राहायचा आणि तो तिला एकटीलाच भरावा लागायचा. ती जास्त वाकली, जास्त भरभर लावू लागली. काय झालंय हे तिच्या ध्यानात आलं असणारच.

दुपारी जेवायला पंगत बसली तेव्हा वैजयंतीनं तिचं ताट पंगतीपासून लांब, कुंपणाच्या वईच्या कडेला ठेवलं. झुंबरबाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. वैजयंती भाताचं पातेलं घेऊन पुढं गेली. झुंबरबाई पाठमोरी बसून जेवली, ताट स्वतः धुऊन पालथं घातलं आणि पुन्हा खाचरात उतरली.

पोरांना हे कळत नव्हतं. पोरांच्या लेखी झुंबरआजी म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. शाळा सुटली की तिच्या दारावरून जायचं, ती म्हणायची, "पाय धुतले का?", आणि नाही म्हटलं तरी मूठभर आठळ्या द्यायची. आता घराघरात पोरांना तंबी मिळाली. तिच्या दारावरून जायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही, ती दिसली तर मोठ्यानं बोलायचं नाही. पोरांनी तंबी ऐकली आणि मागच्या बाजूनं, करवंदीच्या जाळीतून जायला लागली. एवढाच फरक पडला.

एकदा आठळ्या सोलताना इंदूनं विचारलं, "आजी, तुमी सांगत का न्हाई? आयनं तुमाला सांगितलं व्हतं ना, गोळ्यांचं."

झुंबरबाई राख झटकत म्हणाली, "मी शब्द दिलाय तिला."

"पन समदी तुमाला नावं ठेवत्यात."

"ठेवू दे. तुझी आय वाईट न्हाई गं. भ्याली हाय. तिचं भ्याव उतरलं की ती सोताच बोलंल." मग दुसरी आठळी काढत म्हणाली, "माझी पाळी यायच्या आत बोलली म्हंजे झालं. रोप पिवळं पडाया लागलंय."

रोप वेळेत लागलं नाही तर दाढीतच गाठाळतं, मग लावून उपयोग नसतो. झुंबरबाईचं वर्षाचं खाणं त्या हातभर दाढीत उभं होतं. ते इंदूलाही कळत होतं, कारण तिच्या घरीही तेच खाणं होतं.

झुंबरबाईची पाळी आली त्या दिवशी पावसानं जरा उघडीप दिली होती. चिखलणीला बैल मिळाले नाहीत म्हणून तिनं खाचर कुदळीनं खणून, पायानं तुडवून तयार केलं होतं. पहाटे उठून तिनं वालाची आमटी केली, सावडीतल्या सगळ्यांना पुरेल एवढी, आणि भाताचं मोठं पातेलं चढवलं. जुड्या उपटून बांधावर मांडल्या. मग पदर डोक्यावर घेऊन ती बांधावर उभी राहिली आणि वाडीकडं बघू लागली.

कुणी आलं नाही. कुणी येणार नाही असंही कुणी बोललं नव्हतं. एकाला घाटघरात काम निघालं, एकीच्या पोटात दुखत होतं, कुणी छप्पर शाकारायला घेतलं. रामनाथ मोरक्याच्या पायाला मलम लावत घरीच बसला. वैजयंती निवडलेले तांदूळ परत निवडायला बसली.

आवणी म्हणून त्या दिवशी पोरं शाळेला गेली नव्हती, सगळी वाडीतच हिंडत होती. इंदूनं आईकडं बघितलं, मोहितचा हात धरला आणि ती मागच्या दारानं निघाली. जाळीपाशी आणखी तीन-चार पोरं होती. "आजीची आवणी हाय. चला," ती म्हणाली. पोरांना आवणी म्हणजे खेळ, आणि वर वालाची आमटी. ती ओरडत खाचरात उतरली.

झुंबरबाई म्हणाली, "घरी सांगून आलाव का रं?" पोरं जुड्या उचलू लागली. तिनं परत विचारलं नाही. तेवढं तिनं कठोर व्हायला हवं होतं, पण सकाळपासून बांधावर उभं राहिलेल्या माणसाकडनं ते कसं होणार.

पोरांच्या ओळी वाकड्या झाल्या. कुठं एका जागी दहा काड्या, कुठं एक. मोहित चिखलात बसून रोप उलटं खोचत होता. झुंबरबाई मागून सरळ करत येत होती आणि हसत होती. हरण्या गेल्यापासून ती हसली नव्हती. ऊन थोडं पडलं. अर्ध्याहून कमी खाचर लागलं असेल तेव्हा तिनं पोरांना बांधावर बसवून पळसाच्या पानांवर भात-आमटी वाढली.

तेवढ्यात वरून रामनाथ आला, मागून वैजयंती, त्यांच्या मागून बाकीच्यांचे आईबाप. घाटघरला गेलेलाही आला आणि पोटात दुखणारीही आली. रामनाथनं मोहितच्या हातातलं पान हिसकून चिखलात टाकलं. इंदूच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि कानशिलात ठेवून दिली.

"तुला सांगितलं व्हतं ना? हिच्या हातचं खायाचं न्हाई."

इंदूच्या तोंडात अजून घास होता. तो तिनं गिळला. कान सणकत होता, आणि आता तिला भीती वाटेनाशी झाली होती. ती म्हणाली, "आजीनं न्हाई मारलं हरण्याला. त्यानं गोळ्या खाल्ल्या. आयनं पोतं वट्यावर ठेवलं व्हतं. मी बघितलं. आयनंच आजीकडनं ताक मागून आणलं."

रामनाथ बायकोकडं वळला. बाकीचेही वळले. झुंबरबाई हातात आमटीचा डाव घेऊन उभी होती. ती वैजयंतीकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "वैजू, बोल बाई. आता तरी बोल."

वैजयंतीचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलले. तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या हाताकडं बघितलं. मग तिनं इंदूला ओढून आपल्या अंगाशी घेतलं आणि झुंबरबाईला म्हणाली, "काय भरवलंस माझ्या पोरीला? तिच्या तोंडून तू बोलाया लागलीस आता?"

बायांमधून एक सुस्कारा निघाला. कुणीतरी मोहितला उचलून मागं नेलं. झुंबरबाईनं डाव आमटीच्या पातेल्यात ठेवला आणि पातेल्यावर झाकण घातलं. ती काही बोलली असती तरी ते आता कुणाच्या कानात शिरलं नसतं.

इंदूला घरी नेऊन चुलीपुढं बसवलं. भिका आला. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या, मीठ टाकलं, वरून घोंगडी पांघरली. एका बाजूनं बापानं धरलं, दुसऱ्या बाजूनं आईनं. धूर नाकातून छातीत गेला तेव्हा इंदूला वाटलं आपण मरतोय. ती खोकली, ओकली, आमटीतले वाल बाहेर पडले.

"बघा, पडतंय," भिका म्हणाला. "सांग, कुनी सांगितलं तुला बोलाया?"

"कुनी न्हाई."

आणखी मिरच्या पडल्या. डोळे उघडत नव्हते. श्वास घेतला की आग, नाही घेतला की छाती फुटायला येई. घोंगडीबाहेर कुठंतरी मोहित रडत होता.

"सांग. कुनी?"

आईचा हात तिच्या मनगटावर होता. आई आता सोडेल, इंदूनं वाट बघितली. मग ती म्हणाली, "आजीनं. आजीनं सांगितलं."

घोंगडी उचलली गेली. गार हवा आली. "निघालं," भिका म्हणाला, आणि सगळ्यांची तोंडं उजळली. बाप तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता, इतक्या मायेनं की तसा त्यानं कधी फिरवला नव्हता. नंतर वैजयंतीनं तिच्या डोळ्यांना खोबरेल लावलं. लावता लावता तिच्या डोळ्यांतलं पाणी इंदूच्या गालावर पडलं. इंदूनं तोंड भिंतीकडं वळवलं.

झुंबरबाई दोन दिवस दार लावून होती. तिसऱ्या दिवशी जावई निमगावहून आला. गाय त्यानं घाटघरात कुणाला तरी विकली. झुंबरबाई बोचकं घेऊन एसटीला निघाली तेव्हा वाट रामनाथच्या दारावरूनच होती, दुसरी वाटच नव्हती. वैजयंती आत गेली. इंदू ओटीवर होती. झुंबरबाई थांबली, तिच्या लाल डोळ्यांकडं बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग आतल्या अंधाराकडं बघून तिनं ते मिटलं आणि ती चढणीला लागली. जावई पुढं झपाझप चालत होता. म्हातारी मध्येच थांबून गुडघ्यावर हात ठेवायची.

तिची दाढ तशीच उभी होती. दोन दिवसांनी रामनाथ म्हणाला, "जमीन पड ठेवण्यात काय अर्थ न्हाई." भावकीतलीच जमीन, कुणी हरकत घेतली नाही. सावड भरली. घाटघरचं काम, पोटदुखी, छप्पर, काही कुणाच्या आड आलं नाही. पोरांनी लावलेल्या वाकड्या ओळी उपटून पुन्हा सरळ लावल्या. जेवणाला वैजयंतीनं वालाची आमटी केली होती. लोकांनी चांगली झाली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गोळ्या घालायच्या होत्या. चार रोपांच्या मधोमध एक गोळी बोटानं चिखलात दाबायची, हे काम पोरांचं, त्यांची बोटं बारीक असतात. इंदूनं दिवसभर गोळ्या दाबल्या. मोहित तिच्या मागं डबा घेऊन होता.

संध्याकाळी उरलेलं पोतं घरी आलं. वैजयंतीनं ते माळ्यावर नेलं नाही. गोठ्यात उखळ पालथं घालून ती त्यावर चढली आणि पोत्याचं तोंड सुंभानं आवळून तुळईला बांधू लागली. मोरक्या खाली गवत खात होता. रामनाथ दारात उभा राहून बघत होता.

"अजून वर घे," तो म्हणाला. "तिथवर तोंड पोचतंय बैलाचं."

वैजयंतीचे हात थांबले. तिनं खाली नवऱ्याकडं बघितलं. त्यानं नजर वळवली नाही. मग तिनं गाठ सोडली आणि पोतं वीतभर वर घेतलं. रामनाथ पुढं आला, टाचा उंचावून त्यानं गाठ ओढून पक्की केली आणि हात झटकले. दोघांत एवढंच झालं.

इंदू शेणाची पाटी घेऊन कोपऱ्यात उभी होती. मोहित तिच्याजवळ येऊन वर बघू लागला.

"ताई, बैल गोळ्या खाऊन मरत असतो का?" त्यानं विचारलं.

आई उखळावरून उतरता उतरता थांबली. बाप दाव्याशी काहीतरी करत होता, तोही थांबला. दोघंही इंदूकडं बघत होते.

"न्हाई," इंदू म्हणाली. "हरण्याला झुंबरआजीनं मारलं. चल, हात धू."